लवंगेची चव

या, असे जवळ या. खांबाला टेकून बसलेल्यांनीही जरा पुढं सरकावं, सतरंजी मोकळी आहे. बुवांचा पूर्वरंग आत्ताच आटोपला. आता त्यांना हार-बुक्का होईल, ते दोन घोट पाणी पितील, पेटीवाले सूर सारखा करतील. तेवढ्या वेळात एक गोष्ट सांगून घेतो. ही गोष्ट अजून घडायची आहे, पण घडून गेल्यासारखी सांगतो, म्हणजे घडेल तेव्हा तुम्हाला तिची ओळख पटेल. लहान मूल सोबत असेल तर त्याला मांडीवर घ्या. गोष्ट भीतीची आहे, आणि भीतीची गोष्ट कुणाच्यातरी मांडीवर बसूनच ऐकावी.

मिरजेच्या हेमाक्का चौगुले धीरकेंद्रातून घरी आल्या, त्या दुपारी स्वतःच्या फ्लॅटचं दार त्यांना उघडवेना. किल्ली हातात होती, कुलूप समोर होतं. आतून कुकरची शिट्टी आणि नातीची बडबड ऐकू येत होती. तरी हात पुढं जाईना. दारामागं काहीतरी आहे, एवढंच अंग सांगत होतं. काय आहे, ते सांगत नव्हतं. ही भीती त्यांची नव्हती. कुणाची होती ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि कधी कळणारही नव्हतं.

शेवटी इरानंच आतून दार उघडलं आणि सवयीप्रमाणं आज्जीच्या कमरेला मिठी मारली. हेमाक्कांच्या तोंडून किंकाळी निघाली. त्यांनी पोरीला दोन्ही हातांनी ढकललं. पोर भिंतीवर आपटली नाही, एवढं नशीब. ती सोफ्यावर जाऊन बसली आणि आपल्या हातांना काही लागलंय का, ते उलटेपालटे करून बघू लागली.

कणकेच्या हातानं श्रावणी बाहेर आली. ही हेमाक्कांची लेक. नवरा नोकरीनं हैदराबादला, म्हणून ती इराला घेऊन आईकडंच राहायची.

"पोरीला ढकललंस तू, आई."

"होय. कळलं मला." हेमाक्का उंबऱ्यातच बसल्या. "उद्यापर्यंत उतरंल."

"मागच्या वेळी पण उद्याच म्हणालीस. मग गॅसजवळ जाईनास. डबा लावून जेवलो आपण."

"डबा बरा होता की."

"आमटीत गूळ होता."

"होता खरा," हेमाक्का म्हणाल्या. दोघींना हसू यायला हवं होतं. आलं नाही. इरा अजून हात बघत होती.

आता हे धीरकेंद्र म्हणजे काय, ते सांगायला हवं. आपल्या मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग असतो. संकट आलं की पहिली ठिणगी तिथं पडते. छाती धडधडते, श्वास चढतो, रक्त हातापायांकडं धावतं. पळायचं असेल तर हे सगळं कामाचं. पण माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलावर असेल, हृदय आधीच अधू असेल, पुरती भूल देता येत नसेल, तर तीच भीती त्याचा जीव घेते. एकत्र टाळ धरून गाणाऱ्यांचे श्वास आणि ठोके हळूहळू एका लयीत येतात, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होतं. त्यांनी त्याचंच यंत्र केलं. एक टोपी रुग्णाच्या डोक्यावर, दुसरी दूर कुठंतरी बसलेल्या दात्याच्या डोक्यावर. रुग्णाच्या भीतीची लहर दात्याच्या मेंदूत उतरते. दाता ती खरोखर भोगतो, आणि भोगता भोगता स्वतःला शांत करतो. ती शांतावलेली लहर उलट पावली रुग्णाकडं जाते. यंत्रानं बनवलेली लहरही पाठवून पाहिली होती. रुग्णाचा मेंदू ती थोड्याच वेळात ओळखायचा आणि झिडकारायचा. खरोखर घाबरलेल्या, आणि तरी जागेवरून न हललेल्या माणसाचीच लहर तो आपली म्हणायचा. लोक याला धीरदान म्हणू लागले.

नियम कडक होता. रुग्ण कोण, कुठला, पुढं त्याचं काय झालं, हे दात्याला सांगायचं नाही. त्यालाही शास्त्र होतं. निकालाची वाट बघणारा मेंदू आपली स्वतःची धाकधूक त्याच तारेवर घालतो आणि रुग्णाला आणखी खाली ओढतो, हे पहिल्या प्रयोगांतच दिसलं होतं. फक्त एक गोष्ट नियमाला न जुमानता पलीकडं पाझरायची, ती म्हणजे दात्याच्या तोंडातली चव. चवीची जागा मेंदूत भीतीच्या शेजारीच आहे म्हणतात. हेमाक्का गळ्यासाठी दाढेखाली लवंग धरायच्या. तेव्हा कुठल्यातरी परगावच्या टेबलावर कुणीतरी, उपाशीपोटी, लवंगेची चव घोळवत पडत असणार. हेमाक्कांना त्या विचाराचं सुख वाटायचं. बाकी सुख वाटावं असं त्यात काही नव्हतं.

हेमाक्कांना हे काम जमायचं, याचं कारण त्यांचे सासरे. केशवबुवा कीर्तनकार होते, आणि हेमाक्का लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या मागं उभ्या राहून झील धरायच्या. झील म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, तरी सांगतो. बुवा पद म्हणता म्हणता गोष्टीत शिरतात, राजाच्या दरबारात जातात, अरण्यात जातात. मागच्यांनी तोवर पदाची तेवढी ओळ धरून ठेवायची, हळू, खालच्या पट्टीत, न थकता. बुवांना परत यायला जागा हवी ना. केशवबुवांचं स्वतःचं एक पद होतं, 'देवा, येई वा न येई, दार मी न लोटी.' ते सुनेला बजावायचे, "झील धरणाऱ्यानं बुवाच्या तोंडाकडं बघायचं नाही. बघितलं की वाटतं, आता येईल, आता येईल. मग आवाज पुढं पळतो आणि लय फुटते. तो यायचा तेव्हा येईल. तू ओळ सोडू नको."

बुवांच्या मागं पखवाजावर असायचे हेमाक्कांचे थोरले भाऊ, नंदूमामा. दिवसभर बडीशेप चघळणारा, कुणाचीही टोपी उडवणारा माणूस. मिरजेत केंद्र निघालं तेव्हा पहिल्या मूठभर दात्यांत ते होते. आता ते त्याच फ्लॅटमधल्या आतल्या खोलीत, खुर्ची भिंतीकडं वळवून बसलेले असत. बोलत नसत. खुर्ची सरळ केली तर उठून पुन्हा भिंतीकडं वळवत. हेमाक्का त्यांना भरवत आणि शेवटी चिमूटभर बडीशेप तोंडात घालत. ती मात्र ते चघळत.

मामांचं काय झालं, ते केंद्रातल्या प्रत्येक दात्याला पढवलेलं होतं. दात्याच्या समोरच्या भिंतीत दिव्याचा एक हिरवा मणी असतो. पलीकडून लहर येते तोवर तो तेवतो. मणी विझला की टोपी काढायची, ताबडतोब. कारण भीतीचा धनीच तारेवर राहिला नाही, तर दात्याच्या डोक्यात उतरलेली भीती परत जाणार कुठं? ती तिथंच घर करते. मामांनी मणी विझल्यावर टोपी काढली नव्हती. लोक आत गेले तेव्हा ते खुर्ची भिंतीकडं वळवून बसले होते.

इराला ढकललं त्या दुपारी मामांना भरवून हेमाक्का बाहेर आल्या, तर श्रावणी इराला झोपवून त्यांची वाटच बघत होती.

"एकदा शांतपणे ऐकशील?"

"बोल की."

"इराच्या बाळंतपणात माझ्यासाठी कुणीतरी बसलं होतं."

"होय. म्हणून तर तू आहेस."

"डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं होतं, ते औषधानं सुरू झालं."

"असेल. डॉक्टर खोटं कशाला बोलतील?"

"मला बडीशेपेची चव आली होती, आई. सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता पोटात, आणि बडीशेप."

"अर्धी मिरज बडीशेप खाते."

"आणि मामा त्याच दिवसापासून भिंतीकडं बघतायत."

हा हिशेब हेमाक्कांनीही मनात कितीदा मांडला होता. तेव्हा राज्यात हे एकच केंद्र होतं. पण खात्रीनं सांगणारं कुणी नव्हतं, आणि विचारायचीही सोय नव्हती.

"मी त्या खोलीत का जात नाही, तुला काय वाटलं?" श्रावणी म्हणाली. "किळस येते म्हणून? माझी भीती त्यांच्या डोक्यात बसलीय, आई. मी आत गेले तर ती मला ओळखेल असं वाटतं."

दुपारचं ऊन फरशीवर पडलं होतं. तरी हेमाक्कांना गार वाटलं.

"आणि आता तू त्यांच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकणार. ज्या माणसांनी तुला कधी बघितलं नाही, त्यांच्यासाठी. ती जगतात का मरतात, ते पण तुला कळत नाही. इरानं आज मला विचारलं, आज्जीला मी काय केलं? काय सांगू तिला?"

श्रावणीनं आईचा हात धरला. "सोडून दे असं नाही म्हणत मी. निदान उघड्या बाजूला बस. सगळे तिकडं गेलेत. ते काय वेडे आहेत?"

उघडी बाजू नवीनच निघाली होती. दात काढणं, मोतीबिंदू, असल्या हलक्या कामांत निकाल कळला तरी रुग्णाला धोका नाही, असं एका कंपनीनं दाखवून दिलं होतं, आणि ते खरंही होतं. तिथं काम संपलं की दात्यासमोरच्या पडद्यावर रुग्णाचा हसरा चेहरा यायचा, 'मी घरी पोचलो, आभारी आहे' म्हणायचा. दात्यांची तिकडं रीघ लागली. पहिल्या मजल्यावरच्या, निकाल न कळणाऱ्या खोल्या ओस पडल्या. लोक त्यांना आता आंधळी बाजू म्हणत.

"वेडे नाहीत," हेमाक्का म्हणाल्या. "बसते तिकडं. उद्यापासून."

"शब्द?"

"दिला. आमटीत गूळ घालणार नाही, हा पण देऊ का?"

या वेळी श्रावणी हसली. हेमाक्कांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. शब्द त्यांनी मनापासून दिला होता. त्याही थकल्या होत्या, आणि नातीच्या मिठीला भिणारं अंग त्यांना नको होतं.

भीती उतरायला मात्र दिवस लागले. इरा आता जवळ येण्याआधी दारातून विचारायची, "आज्जी, येऊ?" हेमाक्का श्वास धरून "ये" म्हणायच्या. अंग शहारायचं, पण त्या हलायच्या नाहीत. एका सकाळी इरा न विचारता धावत आली, आणि काहीच झालं नाही. त्याच सकाळी हेमाक्का बाजू बदलायला केंद्रात गेल्या.

तळमजल्यावरचा हॉल माणसांनी फुलला होता. पडद्यांवर चेहरे हसत होते, मधूनच कुणी टाळ्या वाजवत होतं. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ हेमाक्कांना बघून खुर्ची सोडून आले. "या या, अक्का. फार उशीर केलात. माझे आजवरचे सगळे रुग्ण घरी पोचले बघा. एकही डाग नाही. जरा अवघड वाटली की मी ती केस घेतच नाही. चेहरा दिसला नाही की दिवसभर चुकल्यासारखं होतं."

"खरं आहे," हेमाक्का म्हणाल्या. त्या गृहस्थांच्या डोळ्यांत खराखुरा आनंद होता. तो नाकारायचं त्यांच्या मनात आलं नाही.

बाजू बदलायची नोंद करायला वरच्या मजल्यावरची नाझनीन शिकलगार खाली आली. आंधळ्या बाजूची यंत्रं तीच सांभाळायची. तिनं हेमाक्कांचं बोट यंत्रावर टेकवलं, पण बटण दाबलं नाही.

"काय झालं?"

"काही नाही, अक्का."

"वर कोण बसलंय आज?"

"कोण नाही."

"रुग्ण नाही, की दाता नाही?"

नाझनीननं खाली बघितलं. "दाता नाही. लाल पट्टीची केस आहे. लाल म्हणजे आशा थोडी, त्याच्यापलीकडं मला पण काही दिसत नाही. ती केस सकाळपासून सगळ्या केंद्रांत फिरतीय, कोण घेईना." मग घाईनं म्हणाली, "मी काही म्हणत नाही, अक्का. तुम्ही बाजू बदलायला आलाय. श्रावणीताईंचा फोन आला होता मला. बदला तुम्ही."

हेमाक्कांचं बोट यंत्रावर होतं. मागं टाळ्या वाजल्या. कुणीतरी घरी पोचलं होतं.

खरं सांगतो, त्यांना त्या क्षणी कुणाची दया आली नाही. त्यांना फक्त भीती वाटली, आणि ती उसनी नव्हती, स्वतःची होती. तोंडाला कोरड पडली. लाल पट्टी म्हणजे मणी विझण्याची शक्यता. मणी विझला आणि हात वेळेवर उठला नाही, तर इराची मिठी गेली, बोलणं गेलं, सगळं गेलं. आणि त्या कोरड्या तोंडात त्यांना आठवण आली ती लेकीची. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, आणि टेबलावर एकटी. त्या दिवशी कुणीतरी मूठभरांतला एकजण उठून आत गेला होता. तोही असाच बाहेर थांबला असता तर?

"चल," त्या म्हणाल्या.

"श्रावणीताईंना फोन करू?"

"नको. ती नको म्हणेल, आणि मला तिचं ऐकावं लागेल. मणी विझला की काढीन मी टोपी. एवढं सांग तिला, विचारलं तर."

जिन्यावर त्यांना कठडा धरावा लागला.

खोली कोरी होती. खुर्ची, टोपी, समोरच्या भिंतीत मणी. हेमाक्कांनी लवंग दाढेखाली धरली. नाझनीननं टोपी बसवली आणि ती काचेपलीकडं जाऊन उभी राहिली. मणी तेवला.

भीती गुडघ्यांपासून आली, विहिरीत पाणी चढावं तशी. चित्र काही नसतंच, फक्त अंग असतं. पावलं बधिर झाली. दात शिवशिवले. मग पाणी छातीपर्यंत आलं आणि हेमाक्कांना कळलं की ही कुणाची तरी फार जुनी भीती आहे, कुणालाही न सांगितलेली. तिला लाज चिकटलेली होती. आपण घाबरतोय हे कुणाला कळू नये, याचीही त्या माणसाला भीती वाटत होती. टेबलावर पडूनही तो कदाचित डॉक्टरांकडं बघून हसत असेल.

"घाबर की," हेमाक्का मनात म्हणाल्या. "इथं कोण बघतंय?"

आणि त्यांनी ओळ धरली. देवा, येई वा न येई, दार मी न लोटी. ओठ हलत नव्हते. श्वास तेवढा त्या लयीत चालला होता. पाणी गळ्याशी आलं. ओठांशी आलं. हेमाक्का थरथरत होत्या, घाम कपाळावरून टोपीच्या कडेत जिरत होता. पण ओळ धरलेली होती, आणि हळूहळू, फार हळूहळू, पाणी गळ्याखाली उतरू लागलं. पलीकडचा श्वास लयीशी यायला लागला, हे त्यांना नेहमीसारखं कळलं. जुळत आलेला सूर कळतो, तसं.

आणि मणी विझला.

एकदम विझला. पाणी होतं तिथंच थांबलं, छातीपर्यंत, हेमाक्कांच्या आत. पलीकडून काहीच नाही. अंधाऱ्या घरात कुणाला तरी हाक मारावी आणि आपलाच आवाज परत यावा, तशी शांतता.

"अक्का, मणी विझला." भोंग्यातून नाझनीनचा आवाज आला. "टोपी काढा."

हेमाक्कांचा हात टोपीपर्यंत गेला.

दात्याच्या डोक्यावर दात्याचाच हक्क, असा कायदा होता. नाझनीनला बाहेरून यंत्र बंद करता येत नव्हतं. ती फक्त सांगू शकत होती, आणि ती सांगत होती. "अक्का, काढा. अक्का, इरा घरी आहे."

आता इथं एक गोष्ट लक्षात घ्या. हृदय थांबल्यावरही मेंदू थोडा वेळ जागा असतो, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. त्या वेळात तो काय ऐकतो, ऐकलं तर त्यानं काय होतं, हे कुणालाच ठाऊक नाही. पुस्तकात लिहिलंय की मणी विझल्यावर दात्यानं बसून राहण्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. कुणीही शहाणा दाता टोपी काढतो. पण हेमाक्कांचा सगळा जन्म झील धरण्यात गेला होता. बुवा गप्प झाले म्हणून झील थांबवायची नसते. बुवा गप्प होतात, तेव्हाच तर झील लागते. ही चूक म्हणायची असेल तर म्हणा. झील धरणाऱ्याच्याच हातून होणारी चूक आहे ती.

हात टोपीवर तसाच राहिला. त्यांनी ओळ पुन्हा धरली, आणि धरताना मण्याकडं बघितलं. काळा. पुन्हा ओळ, पुन्हा नजर. काळा. आता तेवेल. आता. आत्ता. त्यांचा श्वास पुढं पळायला लागला, लय फुटली. आतलं पाणी एका दमात हनुवटीला लागलं. मेलेल्या मण्याकडं बघता बघता त्या बुडत होत्या, आणि बुडता बुडता त्यांना केशवबुवा आठवले. बघू नको. बघितलं की आवाज पुढं पळतो.

हेमाक्का उठल्या. पाय नव्हतेच जणू. त्यांनी खुर्चीची पाठ धरली आणि खुर्ची फिरवली, मण्याकडं पाठ करून, कोऱ्या भिंतीकडं तोंड करून. आणि बसताना त्यांना कळलं.

मामा भीतीनं भिंतीकडं वळले नव्हते. मण्याकडं बघायचं नाही, म्हणून वळले होते. पखवाजी असले तरी उभा जन्म त्यांनीही बुवांच्या मागंच काढला होता. आणि कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं, की पलीकडचं माणूस परत आलं, त्याला मूल झालं, ते मूल रोज तुमच्या खोलीच्या दारात खेळतं. सांगायचा नियमच नव्हता. ते अजून झील धरून बसले होते.

भोंग्यातला आवाज रडत होता. हेमाक्कांनी डोळे मिटले. देवा, येई वा न येई. पाणी ओठांवरून गेलं. दार मी न लोटी.

पलीकडं काय झालं, ते नाझनीनला माहीत नाही, आणि मलाही नाही. मणी पुन्हा तेवला का, तेही सांगता येत नाही. हेमाक्कांची पाठ होती त्याच्याकडं, आणि नाझनीन तोवर जिना उतरून श्रावणीला फोन करायला धावली होती.

हेमाक्कांना घरी आणलं. त्या चालत आल्या, पायऱ्या स्वतः चढल्या, दारापाशी अडल्या नाहीत. थेट आतल्या खोलीत गेल्या, मामांच्या शेजारी दुसरी खुर्ची ओढली आणि भिंतीकडं वळवली. श्रावणीनं "आई" म्हणून हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही. श्रावणी उंबऱ्यात उभी राहिली. आत पाऊल टाकायचं तिला धैर्य होईना. तिनं रागानं दारावर हात आपटला. "शब्द दिला होतास," म्हणाली. मग तिथंच खाली बसून राहिली.

इराला कुणी काही समजावलं नव्हतं. तिनं दारातून विचारलं, "आज्जी, येऊ?" उत्तर आलं नाही. ती थोडी थांबली आणि आत गेली. आज्जीच्या खुर्चीशेजारी फरशीवर बसली. मग वर बघून आईला म्हणाली, "आज्जीचे ओठ हलतायत. मामाआजोबांचे पण. दोघं एकच म्हणतायत."

श्रावणी कीर्तनात कधी उभी राहिली नव्हती. लहानपणी तिला त्याचा कंटाळाच यायचा. पण ओळ तिला येत होती. त्या घरात वाढलेल्या कुणालाही ती येणारच. ती उठली. उंबऱ्यावर थांबली. आत तिची स्वतःची भीती बसलेली होती, इतकी वर्षं, दुसऱ्याच्या डोक्यात, आणि तिच्या शेजारी आता आणखी कुणाची तरी. ओळखू दे मला, तिनं ठरवलं, आणि आत गेली.

ती दोघांच्या खुर्च्यांच्या मागं उभी राहिली, झील धरणारे उभे राहतात तिथं. आवाज फाटका होता, पहिल्यांदा चुकलाच. इरानं सूर सोडून साथ दिली. देवा, येई वा न येई, दार मी न लोटी. फरशीकडं बघत, हळू, खालच्या पट्टीत. एकदा म्हणून झालं, पुन्हा धरलं. दोघांच्या चेहऱ्यांवर काही हललं का, ते तिनं वाकून बघितलं नाही. तिनं बघितलं नाही, म्हणून मलाही सांगता येत नाही. रोज दुपारी, भांडी आवरल्यावर, ती तिथं उभी राहते. मामांना बडीशेप देते, आईला लवंग.

बघा, बुवा उठले. पेटीचा सूरही लागला. तुम्हाला अडवत नाही, फक्त एक मागणं आहे. पुढं कधीतरी तुमच्यावर वेळ येईल, देव करो आणि न येवो. उपाशीपोटी, एकटे, कुठल्यातरी दिव्याखाली तुम्ही आडवे असाल, भीती गळ्याशी आलेली असेल. आणि अचानक, काहीही खाल्लेलं नसताना, तोंडात लवंगेची चव येईल. ती कुठून आली म्हणून कुणाला विचारू नका, कुणी सांगणार नाही. नुसती मिरजेच्या हेमाक्कांची आठवण काढा.